हडतालीआधी रिकामी केलेली भट्टी

आमची युनियन एवढी अवाढव्य होती की सगळी एका ऑटोत मावायची, वर ऑटोवाल्यालाही सभासद करून घ्यायची आमची तयारी. राजपुऱ्यात चहाच्या दुकानामागे हापिस, त्यात खुर्ची एकच. तिच्यावर मी, कारण सेक्रेटरी मी. राजघाटावर मी घोषणा दिली की तापीचं पाणी घटकाभर थांबायचं. नका ठेवू विश्वास. पुढच्यावर मात्र ठेवा.

कारखान्यात बिडाचं लोखंड वितळवून पॉवरलूमचे सुटे भाग ओतायचे. भट्टी आमच्यातल्या सर्वांत जुन्या कारागिराच्या, काकांच्या ताब्यात. रसाचा नुसता रंग बघून ते सांगत, आता ओता. एकदा साच्यात ओल राहिली, रस उसळला आणि काकांचा उजवा हात भाजला. जखम भरायच्या आत मालकानं त्यांना कामावरून काढलं. आमची मागणी एकच: काकांना परत घ्या.

मालक हसला. पण त्याच आठवड्यात त्याची मोठी ऑर्डर जायची होती. ती अडली की हा नरम पडणार. म्हणून भर दुपारी, भट्टीत रस तयार असताना, मी शिट्टी मारली आणि सगळे बाहेर पडलो.

फाटकावर काका उभे, हात गळ्यात बांधलेला. मला वाटलं, शाबासकी मिळणार.

"काय नेताजी, भट्टी खाली केली का?"

"काका, हडताल आहे!"

"हडताल मालकाशी का भट्टीशी? रस आत थिजला तर पोट फोडा लागंल तिचं. चला, पहिले ओता. मग बसा बोंबलत."

"पण काका, त्या साच्यांत मालकाचीच ऑर्डर..."

"मला शिकवतो का तू?"

भट्टीत रस थिजू देणाऱ्याला आमच्यात कुणी पाणी विचारत नाही. सगळेच्या सगळे आत गेलो, मीसुद्धा. काका फाटकातून ओरडत होते, "हळू! धार तुटू देऊ नका!" शेवटचा साचा भरला, भट्टी रिकामी झाली, आणि मग आम्ही रीतसर हडतालीवर बसलो.

दुसऱ्या दिवशी मालकानं भाड्याची माणसं आणून साचे फोडून माल काढला, ट्रकात भरला. ऑर्डर गेली. आता त्याला आमची घाई नव्हती. आठवड्याभरात एकेक जण मान खाली घालून आत गेला. सर्वांत शेवटी मी. काकांना घेतलं नाही ते नाहीच.

युनियनची शेवटची सभा काकांच्या ओट्यावर भरली. हजर मी एकटा. येताना चारपाच थापा रचून नेल्या होत्या: मालक घाबरलाय, निरोप येतोच आहे. काकांनी सगळ्या शांतपणे ऐकून घेतल्या.

"माल कसा उतरला रे?"

सगळा फुटका निघाला, मालक ढसाढसा रडला, असं सांगायला जीभ शिवशिवली. जन्मभर थापा मारल्या, तीच एक जमली नाही.

"एक भोक नाही, काका. गिऱ्हाइकानं आणखी मागवलाय."

"मागवणारच," काका म्हणाले, आणि एवढे खूश झाले की मला तिथं बसवेना.