खुब्याचं हाड आणि भगवान सर

भगवान सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी एक्स-रेच्या खोलीत होतो. टेबलावर एक आजीबाई होत्या. फोनवर सरांच्या पत्नी होत्या; वहिनींचा आवाज शांत होता. "सकाळी चहा घेतला आणि खुर्चीतच मान टाकली त्यांनी. तुम्ही या." येतो म्हणालो, आजीबाईंचे राहिलेले दोन फोटो नीट काढले आणि मग गारखेड्याला गेलो. त्याला आता पाच आठवडे झाले.

सर देवगाव रंगारीच्या शेतकरी घरातले. शहरातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक होते, शाळा सुटल्यावर तिथल्याच मैदानावर फुटबॉल शिकवायचे. मी खुलताबादकडचा, धनगराघरचा. एक्स-रे काढायचं शिकून शहरात आलो. गारखेड्यात आमची घरं समोरासमोर. ते मला आप्पा म्हणायचे, मी त्यांना सर. मला खेळातलं काही कळत नव्हतं आणि त्यांना खेळाशिवाय दुसरं काही बोलता येत नसे, तरी रोजचं बसणं होतं.

मैदानावर ते कडक होते. दहा-अकरा वर्षांची पोरं, रोज दोन वेळा, सातही दिवस. कुणी जांघ दुखते म्हटलं की, "चमक भरली आसंल. पळ, मोकळी व्हईल." इरफान हा त्यांचा सगळ्यात चांगला खेळाडू. अकराव्या वर्षापासून त्यांच्या हाताखाली होता. एकोणिसाव्या वर्षी त्याला मोटारसायकलवर टांग टाकता येईना, तेव्हा सरच त्याला माझ्याकडं घेऊन आले.

खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत बसलेला गोळा. इरफानचा गोळा पुढच्या अंगानं गोल नव्हता. गोळ्याखालच्या मानेशी जिथं खोलगट असायला हवं तिथं हाड फुगलेलं होतं. मांडी पोटाकडं आली की तो फुगवटा वाटीच्या कडेत घुसायचा आणि आतली कूर्चा, म्हणजे हाडावरचं गुळगुळीत अस्तर, खरवडायचा. कूर्चा एक्स-रेत दिसत नाही, दिसते ती दोन हाडांमधली मोकळी जागा. ती कमी झाली होती. निदान करणं माझं काम नाही. ते हाडांच्या डॉक्टरांनी केलं, एमआरआय काढून. झिजलेली कूर्चा पहिल्यासारखी भरून येत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. सर ऐकत राहिले. बाहेर आल्यावर जिन्यात थांबले.

"आप्पा, हे जन्माचंच आसंल ना?"

हो म्हणणं सोपं होतं... पण डॉक्टर जे म्हणाले होते तेच मी पुन्हा सांगितलं. काहींचा सांधा मुळातच तसा असतो. वाढीच्या वयात फार खेळवलं तरी हाड तसं वाढू शकतं. इरफानचं यातलं कोणतं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

"म्हंजे मी केलेलं आसू शकतं."

"असू शकतं."

"व्हय," म्हणाले आणि कठड्याला धरून खाली उतरले.

त्यानंतर वर्षभर सर स्कूटरवरून जुन्या पोरांची घरं शोधत फिरले. पुष्कळदा मी मागं बसलेला असायचो. पोरगं भेटलं की ते एवढंच विचारायचे, "उकिडवं बसून दाखव." बहुतेकजण हसत हसत उकिडवे बसायचे. तिघांना बसता आलं नाही. त्या तिघांना त्यांनी स्वतः डॉक्टरांकडं नेलं. इरफानचं ऑपरेशन झालं; तो नीट चालू लागला, पण खेळ सुटला. त्यानं मामाचं खुलताबादचं दुकान धरलं. तिथं आम्ही गेलो तेव्हा तो म्हणाला, "सर, आप नक्को बोलते तो भी मैं खेलताइच था."

"ते तुझं झालं," सर म्हणाले. "मी नक्को म्हणलो नाय, ते माझं."

इरफाननं चहा सांगितला.

सरांनी लहान पोरांचा सराव कमी केला, आठवड्यात एक दिवस सुट्टीही ठेवली. जांघ दुखते म्हणणाऱ्याला बाहेर बसवू लागले. शाळा सामने हरू लागली, सरांनी पोरं मऊ केली असं लोक बोलू लागले. मग त्यांनी पालकांना बोलावलं आणि इरफानचं सगळं सांगितलं, स्वतःचा भाग न गाळता. एक बाप उठून म्हणाला, "मग आमची लेकरं तुमच्या हवाली कशापायी करावीत?" सर म्हणाले, "तुमचं बरोबर हाये." पुढच्या आठवड्यात निम्मी पोरं कमी झाली. मुख्याध्यापकांनी मोठ्यांचा संघ दुसऱ्याकडं दिला. सरांनी तक्रार केली नाही... लहान पोरं मात्र शेवटपर्यंत त्यांच्याचकडं राहिली.

परवा मंगळवारी संध्याकाळी त्या मैदानावरून जात होतो. गोलपोस्ट मोकळे होते, पलीकडं एक बाई चेंडूंची जाळी आवळत होत्या. सरांच्या जागी त्या नव्यानंच आल्यात. आज पोरं नाहीत का, मी विचारलं.

"मंगळवारी छोट्यांना सुट्टी असते."

"का?"

"ते नाही माहीत," त्या म्हणाल्या. "इथं पहिल्यापासून तसंच आहे."

पहिल्यापासून तसं नव्हतं. मी बरं म्हणालो आणि घराकडं निघालो.