एका शब्दाचं मूकनाट्य

"शब्द पेटीत टाका, मग आत या." तालमीच्या दारात उभे राहून काका असं म्हणायचे आणि हवेतल्या पत्रपेटीत हवेतलं पत्र टाकून दाखवायचे. टपाल खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस आमच्या हौशी नाट्यसंस्थेत लहान मुलांसाठी मूकनाट्य बसवत होता. 'अहो' म्हणून आदराने कान उपटणारा असा एखादा माणूस तुम्हालाही भेटला असेल.

मी तेव्हा नुकताच बी.कॉम. झालो होतो. वडील मार्केट यार्डात हमाल, आई तिथेच कांदा निवडायची, पत्र्याच्या एका खोलीत आम्ही पाच जण. घराण्यातली पहिली पदवी, त्यामुळे मी नावाच्या आधी पदवी सांगायचो. वडिलांचं विचारलं की म्हणायचो, "यार्डात असतात. व्यापारात." अगदीच खोटं नव्हतं, व्यापार त्यांच्या पाठीवरूनच जात होता.

मला भूमिका आली हमालाची. पोत्यात उंदीर शिरलाय आणि हमालाला पत्ता नाही, एवढीच गोष्ट. मी ते नसलेलं पोतं झोकात उचललं.

"अहो बी.कॉम., कापूस भरलाय का?"

"पन्नास किलो कांदा आहे, काका."

"कांद्याला कळवा तसं. आपले वडील यार्डात व्यापारी ना? एखाद्या हमालाकडून शिकून या."

मी इतका हुशार, की स्वारगेटपर्यंत आठवत चाललो होतो, आपल्या ओळखीचा हमाल कोण.

घरी वडील ताट सारून उठले. "गुडघा आधी. मग मान दे. हात निस्ते धरायला असत्यात. आन् 'बाजू' म्हनून वरडायचं, न्हाईतर कुनाचा तरी पाय चिरडंल." त्यांनी मला तासभर घरभर फिरवलं. घरभर म्हणजे सहा पावलं.

प्रयोगात पोतं पाठीवर घेऊन मुलांच्या मधून जायचं होतं. गुडघा वाकवला, मान दिली, आणि पोतं खरंच जड झालं. माझ्या तोंडून खणखणीत निघालं, "बाजू!"

मूकनाट्यात. पुढच्या दोन रांगांनी पटापट पाय वर घेतले.

पडदा पडल्यावर काका आत आले. पदवीसकट हाकलणार, अशी माझी तयारी होती.

"हे कुणी शिकवलं?"

"वडिलांनी."

"व्यापाऱ्यांनी?"

"हमाल आहेत ते, काका."

काकांनी हवेतल्या पेटीत हात घातला, एक पत्र बाहेर काढलं आणि माझ्या हातात दिलं. "हा शब्द राहू दे. पुढच्या प्रयोगाला त्यांना आणा. पहिल्या रांगेत."

पुढच्या प्रयोगाच्या फलकावर त्यांनी स्वतः लिहिलं: 'मूकनाट्य. शब्द एक. तोही मार्केट यार्डातला.'

गेल्या वर्षी काका गेले. परवाचा प्रयोग त्यांच्याविना झाला. आत शिरताना प्रत्येकाने दारात पत्र टाकलं. पेटी कुठे आहे, हे कुणाला विचारावं लागलं नाही. मी "बाजू!" म्हणालो. मुलांनी पाय वर घेतले. पहिल्या रांगेत वडिलांनीही घेतले.

हल्ली मी आधी नाव सांगतो, मग वडिलांचं काम. पदवी कुणी विचारलीच तर.