डॉक्टरांच्या नावाने

माझं पोट बोलण्यावर चालतं. दिवसभर लोकांना काही ना काही सांगत असतो. पण ही एक गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोला सांगितली नाही. आईला तर नाहीच, कारण पंचफुलामामी तिची सख्खी भावजय. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल.

वाशिम जिल्ह्यातल्या एका हाडांच्या दवाखान्याचं 'डिजिटल' मी बघतो. दवाखान्याचं नाव सांगत नाही. आधी मंगरूळपीरला लग्नाचे व्हिडिओ जोडायचो. नवरी रडली की सनई टाकायची, सासरा पिऊन नाचला की तेवढं कापायचं. डॉक्टरांनी त्यांच्या पुतणीच्या लग्नाचा व्हिडिओ पाहिला आणि मला बोलावून घेतलं. पूर्वी दवाखान्याची जाहिरात म्हणजे एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवलेलं नाव. आता रील, फेसबुकचं पान, गूगलवरचे तारे, पेशंटच्या वाढदिवसाला डॉक्टरांच्या फोटोसकट शुभेच्छा. हे सगळं मी करतो, आणि खोटं कशाला बोलू, चांगलं करतो.

शिवाय व्हॉट्सॲपचा नंबर. त्यावर डॉक्टरांचा हसरा फोटो आहे. पेशंटला घरी सोडताना सांगतात, काही वाटलं तर या नंबरवर कळवा. लोकांना वाटतं डॉक्टर वाचतात. वाचतो मी. उत्तरं ठरलेली आहेत, ती डॉक्टरांच्या नावाने पाठवायची, आणि काळजीचं असेल ते त्यांना दाखवायचं. काळजीचं काय, हे कोण ठरवतं? मीच. बारावी आर्ट्स.

आमच्याकडचे लोक टाइप करत बसत नाहीत, बोलून पाठवतात. आधी राम राम, मग गाव, मग घरातल्या सगळ्यांची खुशाली, आणि दुखणं अगदी शेवटी. मागे शेळी ओरडत असते, नाहीतर कुकर. मी दुप्पट वेगाने ऐकतो. सगळ्यांचे आवाज सारखेच चिरके होतात, आणि आपण माणसांचं ऐकतोय असं वाटत नाही. हे बरं पडतं.

मामी आसेगावची. माझी शाळेची वर्षं तिच्या घरी गेली — तिच्या हातचं खाऊन वाढलो, हे वेगळं सांगायला नको. मामा वारले, मुलगा पुण्याला कंपनीत. मामीचा उजवा गुडघा गेलेला. शेतात निंदायला बसली की उठायला दोन बायका लागायच्या. मीच म्हटलं, चल, आमच्याकडे गुडघ्याची वाटी बदलून घेऊ. मामीचं भलं व्हावं म्हणून नेलं का? हो. आणि नेताना डोक्यात व्हिडिओ होता का? तोही होता. डॉक्टर कधीचे म्हणत होते, शहरातले मास्तर-बिस्तर नको, खेड्यातली बाई दाखव, लोकांना आपली वाटेल अशी.

ऑपरेशन झालं. दवाखान्यातून सुट्टी व्हायच्या आदल्या दिवशी मी तिला वॉकर सोडायला लावला. नर्स नको म्हणत होती. मामी खिडकीपर्यंत चालली. नंतर कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "आता मस्त वाटते बाप्पा. पण ठणकते लय, झोप नाई लागत." दुसरं वाक्य मी कापलं आणि खाली बासरी टाकली.

व्हिडिओ असा चालला की विचारू नका. मंगरूळपीर, कारंजा, रिसोड — कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरला. डॉक्टर सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, तुझी मामी म्हणजे आपली जाहिरात. मला बरं वाटलं. फारच बरं वाटलं.

आणि मग तो आवाज आला. सवयीने दुप्पट वेगाने लावला, म्हणून आधी ओळखू आला नाही. नंतर हळू करून ऐकला. "राम राम डॉक्टरसाहेब. मी पंचफुला बोलून राह्यली, आसेगावची. तुमी घरचे सगळे बरे असान. मी बी बरी हाव. फक्त गुडघा लाल झाला साहेब, हात लावला तं गरम लागते. टाक्यातून पानी येऊन राह्यलं थोडं थोडं. येऊ का दाखवाले? का हे असंच राह्यते?"

ज्या बाईने मला 'ए पोट्ट्या' याखेरीज हाक मारली नाही, ती मला साहेब म्हणत होती. इतक्या अदबीने ती कुणाशी बोलते, हे मला ठाऊकच नव्हतं.

लाल, गरम, पाणी — म्हणजे जखम चिघळतेय, हे मला कळत होतं. दवाखान्यात कितीतरी वेळा कानावर पडलेलं. हे त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं असतं, एवढं तर झाडणाऱ्या बाईलाही कळतं. मग मी का नाही दाखवलं? भीती वाटली. जाहिरातीतलीच बाई बिघडली म्हटल्यावर व्हिडिओ काढून टाकावा लागेल, लोक खाली काय काय लिहितील, डॉक्टर मला काय म्हणतील. आणि थोडी आशाही होती, की आपोआप बसेल. लाज नाही वाटली का? तेव्हा काहीच वाटलं नाही. तेच सांगतोय.

मी ठरलेलं उत्तर पाठवलं. 'नमस्कार. ऑपरेशननंतर थोडी सूज राहते. काळजी करू नये. व्यायाम चालू ठेवावा.' खाली डॉक्टरांचं नाव.

मामीने ते शेजारणीकडून वाचून घेतलं. पुन्हा आवाज आला, "बरं साहेब. तुमी सांगतलं म्हंजे मंग भेव नाई." ती व्यायाम करत राहिली. त्या गुडघ्यावर. पुढच्या आठवड्यात ताप आल्याचा आवाज आला, त्यालाही मी तेच उत्तर दिलं. तिच्या घरी मात्र गेलो नाही. जीपने तासाभराची वाट, पण गेलो नाही. गेलो असतो तर बघावं लागलं असतं.

शेवटी शेजारच्यांनीच तिला गाडीत घालून आणलं. तिला बाकावर पाहिलं तेव्हा मी काय केलं, ते आता सांगतो. मी तिचा फोन मागून घेतला — चार्जिंगला लावतो म्हणालो — आणि त्यातले सगळे मेसेज काढून टाकले. तिचे, माझे, सगळे. दवाखान्याच्या फोनमधून आधीच काढले होते. नंतर खरंच चार्जिंगला लावला.

डॉक्टरांनी गुडघ्यावरची पट्टी उघडून बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, इतके दिवस का थांबलात?

मामी म्हणाली, "सांगतलं होतं ना साहेब. तुमीच तं म्हनलं, व्यायाम करा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, असा काही मेसेज आलेला नाही सर. मामीकडे वळून म्हणालो, "मामी, दुसऱ्याच नंबरवर बोलली असशील तू. कोनाचा तरी इकडचा तिकडचा असन."

तिने फोन मागितला. मी दिला. तिने शेजारणीला दाखवला, शेजारीण खालीवर शोधत राहिली. काहीच नव्हतं. मामी कितीतरी वेळ माझ्याकडे बघत होती. तिला तेव्हाच कळलं का? मला वाटतं, कळलं. एवढंच म्हणाली, "मंग मीच चुकली असन साहेब." डॉक्टर तिच्यावर ओरडले, तुम्ही लोक अंगावर काढता आणि नाव दवाखान्याचं खराब होतं. मामीने मान डोलावली. मी तिथेच उभा होतो.

वाटी काढली, मोठ्या शहरात नेऊन बरंच काही केलं. जीव वाचला. पाय वाचला म्हणायचा तर तोही आहे, पण आता तो वाकत नाही. खाली बसता येत नाही, शेतात जाता येत नाही. काठी घेऊन घरातल्या घरात फिरते. व्हिडिओ मी काढून टाकला नाही. डॉक्टरांनीही विषय काढला नाही.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. लोक व्हिडिओ बघतात, तारे बघतात, सगळं बघतात, पण ऑपरेशनचं ठरवण्याआधी पेशंट बघायला जातात. सोयरीक बघायला जावं तसे, बिस्किटाचा पुडा घेऊन. नाव-गाव विचारत थेट घरी. मामीच्या घरीही येतात. हे मला माहीत नव्हतं, तिने कधी सांगितलंच नाही.

गेल्या महिन्यात तिच्याकडे गेलो होतो, आईने पापड पाठवले होते म्हणून. बसलो तेवढ्यात कामरगावचे नवरा-बायको आले. बाईचे दोन्ही गुडघे गेलेले, दाराची पायरी चढताना नवऱ्याने धरलं. त्याने फोनमधला व्हिडिओ दाखवून विचारलं, "हे तुमीच ना?"

मामी खाटेवर होती. काठी तिने पायाने खाटेखाली सरकवली. मग उठली, भिंतीला एक हात लावला आणि दारापर्यंत चालत गेली. लुगड्यामुळे पाय दिसत नव्हता. "या ना, मीच हाव ते," ती म्हणाली.

"बरं झालं ना पन? खरं सांगजा बाई, आमाले भेव वाटते."

मामीने चौकट धरली. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. फक्त पाहिलं, आणि वाट बघितली. ते दोघंही माझ्याकडे बघायला लागले. माणसाने विचारलं, "तुमी कोन?"

"भाचा," मी म्हणालो. "झालं ना बरं. तुमच्या समोरच तं चालली."

बाईने सुटकेचा निःश्वास सोडला. बिस्किटाचा पुडा मामीच्या हातात दिला, पाया पडायला वाकली, पण गुडघ्यांमुळे वाकता आलं नाही. दोघं गेले.

मामी दारातच उभी होती, चौकट धरून. तिला वळता येत नव्हतं. काठी खाटेखाली होती, माझ्या पायाजवळ. तेवढ्यात माझ्या खिशातल्या दवाखान्याच्या फोनवर मेसेज आला — त्याच माणसाचा, रस्त्यावरूनच बोललेला. राम राम डॉक्टरसाहेब, बायकोचे गुडघे दाखवायचे, कधी येऊ?

मामी तशीच उभी होती. मी आधी त्याला उत्तर दिलं.