बहर छापायचा की काठ्या

मीरान मावशीबद्दल बुसानच्या पत्रकारांत एक गोष्ट फिरत असते. ती म्हणे कुठे जातच नाही. समुद्राजवळच्या हमामात डोक्याला टॉवेल गुंडाळून पडते, उकडलेली अंडी सोलत चार जणांना फोन लावते आणि 'शिखरावर पोचताच गार वारा गालांना झोंबला' असं ठोकून देते. सांगणारा प्रत्येक जण हे सांगताना अंडं सोलून दाखवतो. एकजण तर वर मीठही लावतो.

हे साफ खोटं आहे. हमामात पडून राहावं लागतं, आणि पडून राहणं मावशीला जमतच नाही. जेवताना घास तोंडात असतो आणि ती खिडकीशी. सिनेमाला नेलं तर मध्येच उठून बाहेर पाऊस आहे का बघून येते. खरी गोष्ट उलटी आहे. मावशी सगळीकडे जाते, फक्त तिथे बघण्यासारखं काही नसतं तेव्हा.

तो तिच्या धंद्याचाच दोष. ओक मीरान हे नाव दर गुरुवारी प्रवासाच्या पानावर छापून येतं. लोक ते वाचतात आणि शनिवारी गाडी काढतात. म्हणजे फुलं शनिवारी फुलणार असतील तर लिहिणाऱ्याला त्याआधीच जाऊन यावं लागतं. सगळे प्रवास-वार्ताहर मग एकाच बसमधून जातात, ओक्याबोक्या झाडांखाली उभे राहतात, उत्सव समितीने दिलेलं शिंपल्यांचं सूप पितात आणि घरी येऊन लिहितात, 'दरी पांढरीशुभ्र झाली आहे.' फोटो गेल्या वर्षीचा. बाहेरच्या माणसाला ही लबाडी वाटेल. त्यांच्यात याला पान लावणं म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी मावशीने असंच पान लावलं आणि नेमकी थंडी परतली. माणसं पोरंबाळं घेऊन काळ्या काठ्यांखाली उभी राहिली. दिवसभर फोन वाजत होता. शिव्या तिने निमूटपणे ऐकून घेतल्या. पण एक म्हातारे गृहस्थ अगदी नम्रपणे म्हणाले, "बाई, तुम्ही नक्की कुठे उभ्या होतात तेवढं सांगाल? मीच चुकीच्या जागी आलो असेन."

तेव्हापासून तिचे पाय थाऱ्यावर नाहीत. आणि हमामची गोष्टही तेव्हाचीच. ती पिकवली प्यो सांग-बोम यांनी, दुसऱ्या दैनिकाच्या प्रवास-पानाचे जुने खोड. वार्ताहरांत ज्येष्ठाला 'सनबे' म्हणतात, पुढे साहेब-बिहेब लावत नाहीत. पण प्यो सनबे स्वतःच स्वतःला साहेब लावल्यासारखे बोलतात. प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करतात, जणू आता देशाला उद्देशून काहीतरी येणार. येतं ते असं, की किमची जरा आंबट आहे.

मावशीचे संपादक बोंग यांची तऱ्हा निराळी. ते "मी काही म्हणत नाही, पण" असं म्हणून सगळं म्हणतात. त्या प्रकरणानंतर त्यांनी मी काही म्हणत नाही, पण वाचकांचे असे फोन पुन्हा आले तर हे पान पाककृतींना जाईल, असं सांगून ठेवलं होतं. पान गेलं की मावशीही गेली, कारण मुळ्याचं लोणचं कसं घालतात हे तिला विचारून उपयोग नाही.

यंदा ओन्नामच्या चेरी-उत्सवाची बस आली. समितीचे कुक माईकवरून म्हणाले की शनिवारी झाडं फुलणार म्हणजे फुलणार, झाडांशी बोलणं झालंय. बस हसली. सूप झालं, तांदळाची दारू झाली, परतीच्या वाटेवर गाणीही झाली. सगळे गात होते आणि मावशी काचेला नाक लावून झाडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती साध्या बसने एकटीच परत गेली. टेकडी चढली, फांद्या खाली ओढून ओढून पाहिल्या. कळ्या मुगाएवढ्या, घट्ट, टोकाला हिरवं काही नाही. ती तशीच कचेरीत आली आणि उभ्या उभ्याच लिहिलं, की या शनिवारी ओन्नामला जाऊ नका, काठ्या बघायला मिळतील.

बोंग यांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. ते काही म्हणत नव्हते, पण बाकीचे सगळे बहर छापणार आणि आपण एकट्यांनी काठ्या? शनिवारी फुलं उमलली तर तोंड कुठे लपवायचं?

"नाही उमलणार," मावशी म्हणाली.

"आणि नाही उमलली तर सगळे मिळून चुकतील. सगळ्यांनी मिळून चुकलेलं दिसत नाही, मीरान. एकटं पडलेलं दिसतं." मग जरा विरघळले. "दुसऱ्या एकाने तरी हेच लिहू दे. मग छापतो."

झालं, मावशी जिन्यात जाऊन उभी राहिली आणि फोन लावत वर-खाली करू लागली. देगूच्या पेपरातली थाक उंजू गोड बाई. ती म्हणाली की ताई, तुझं बरोबरच असणार गं, पण माझं पान लागलंसुद्धा. पान लागलं नव्हतं. मागून तिचा टायपिंगचा आवाज येत होता. दुसऱ्याने विचारलं की समितीने तुला जेवणात काही कमी दिलं का. तिसऱ्याने फोन उचललाच नाही, नमस्कार करणाऱ्या अस्वलाचं चित्र तेवढं पाठवलं.

राहिले प्यो. जिन्याच्या दोन फेऱ्या जास्त झाल्या, मग तिने लावला.

"सनबे, मी ओक."

घसा साफ झाला. "हं. हमामातून बोलतेस?"

"ओन्नामच्या टेकडीवरून आलेय. कळ्या मिटलेल्या आहेत."

"कुक म्हणाला शनिवारी फुलतील."

"कुकनं जेवू आपल्याला घातलंय, सनबे. झाडांना नाही."

"तर तुझं म्हणणं, मी माझ्या पानावर काठ्या छापू."

"माझं म्हणणं, एकदा जाऊन बघा."

"हं," प्यो म्हणाले. "बघू."

एवढंच. आपल्याकडे 'बघू' म्हणजे काय ते शाळेतल्या पोरालाही कळतं. पण मावशी फोन खिशात टाकून सरळ बोंग यांच्या टेबलाशी गेली आणि म्हणाली, प्यो सनबे लिहितायत.

"प्यो? तुझ्यासाठी?"

"माझ्यासाठी नाही. त्यांना विचारा हवं तर."

बोंग विचारणार नव्हते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या पेपरला फोन करून तुम्ही काय छापताय विचारायचं म्हणजे संपादकाने आपल्या हाताने नाक कापून द्यायचं. त्यांनी पान छापायला सोडलं.

संध्याकाळी ती आमच्याकडे जेवायला आली आणि भाताची वाटी हातात घेऊन येरझारा घालत हे सगळं सांगू लागली. माझ्या आईने तिला खाली बस म्हणून तीनदा सांगितलं, मग नाद सोडला. मी म्हटलं, मावशी, प्यो गेल्या वर्षीचाच फोटो छापणार, वर वाक्य टाकणार, 'बहराने दरी हसली.' मावशी म्हणाली, ते जाऊन बघणार. मी म्हटलं, लागली पैज. ती म्हणाली, हरलीस तर महिनाभर तुझी ती घसा साफ करत प्योंची नक्कल बंद. मी जिंकले तर ती आमच्या पंगतीत एक जेवण पूर्ण बसून जेवणार होती. आई माझ्या बाजूने होती.

गुरुवारी सकाळी आम्ही स्टेशनवरच्या दुकानात गेलो. मावशीने सगळी वर्तमानपत्रं एकदम उचलली आणि फलाटावर चालता चालताच उघडायला लागली. देगूचं पांढरंशुभ्र. दुसरं पांढरं. तिसरं पांढरं, वर एक नवरानवरीही. मी खूश.

मग प्योंचं. अर्ध्या पानावर एक काळी फांदी, हातमोजा घातलेल्या हाताने खाली ओढलेली, आणि वर ठळक अक्षरांत, 'ओन्नाम: अजून नाही.' खाली पहिलंच वाक्य असं, की ओक मीरान यांनी जाऊन बघायला सांगितलं, म्हणून गेलो. दुसऱ्या पेपरच्या वार्ताहराचं नाव आपल्या पानावर छापणं आमच्या गावात कुणी ऐकलं नव्हतं. मावशीने ते वाक्य दोनदा वाचलं, पेपरची घडी केली आणि लगेच पुढची काळजी सुरू केली: आता शनिवारी ऊन पडलं आणि फुलं उमललीच तर दोघांचंही पान जाणार.

शनिवारी ती ओन्नामला गेलीच, राहवतंय कुठे. कुक कागदी फुलांच्या कमानीखाली एकटेच उभे होते. झाडांनी त्यांचं काही ऐकलेलं दिसत नव्हतं. कचेरीतला फोन दिवसभर वाजला नाही. सोमवारी बोंग "मी काही म्हणत नाही" म्हणाले आणि खरंच पुढे काही म्हणाले नाहीत. पान जागच्या जागी राहिलं.

त्याच संध्याकाळी मावशी आमच्याकडे असताना प्योंचा फोन आला. तिने स्पीकर लावला, माझ्याकडे बघत. पलीकडे घसा साफ झाला, चांगला लांबलचक, मग परत एकदा. आई हाताला लागलं ते फडकं तोंडावर धरून बसली. माझा घसा असा शिवशिवत होता, पण मी मान खाली घालून शेवया खात राहिले. महिना नुकताच सुरू झाला होता.