चांदणीच्या डब्यातलं नाणं

शालूमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी म्हापशाच्या बाजारात मिरच्या घेत होते. रडू नंतर आलं. आधी भीती वाटली ती तिच्या डब्यांची. आता तिचा मुलगा विनायक पुण्याहून येणार, डबे उघडणार आणि आईला दिसत नव्हतं हे त्याला कळणार... अगं, माणूसच गेलं, आता कसली भीती? पण सवय झाली होती भिण्याची, काय करणार!

मावशी नार्व्याला एकटी राहायची. छंद एकच, बंद झालेली चार आण्यांची, आठ आण्यांची नाणी जमवायची आणि टांकसाळीप्रमाणे लावायची. सालाखाली चौकट असली की मुंबईचं, चांदणी असली की हैदराबादचं, गोल टिंब असलं की नोएडाचं आणि काहीच नसलं तर कलकत्त्याचं. त्यासाठी बिस्किटांचे चार डबे. घरी कुणीही गेलं की चहाआधी हुकूम, "सालाखाली बघ गो, कसली खूण आसा ती!" पोस्टमनसुद्धा सुटला नाही.

मग एका रविवारी तिने टिंबाचं नाणं कोरं म्हणून कलकत्त्यात टाकलं. मला वाटलं, घाई झाली. पुढच्या खेपेला चौकटीला टिंब म्हणाली आणि मी चमकून तिच्याकडे पाहिलं. ते तिला कळलं. "तुझ्या तोंडार सगळा दिसता. तितक्या मोठा अजून दिसता गो माका." डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले होते म्हणे. "विनूक सांगू नको. तो माका पुण्याक घेवन जातलो. थय माका कोण वळखता?"

मी शब्द पाळला, पण जीव टांगणीला लागला. विहिरीवर पाय घसरला तर? गॅस चालू राहिला तर? आणि विनायक सुट्टीला आला की वेगळीच धडधड, हा डबे उघडतो की काय! मेल्याला एवढं शिकून आईचे डोळे कसे दिसत नाहीत, असा रागही यायचा.

शेवटी मावशी कुठे पडून-अडखळून नाही, झोपेतच गेली, स्वतःच्या खाटेवर. बारावं झाल्यावर विनायकाने डबे माझ्यासमोर ठेवले. मी भीत भीत एकेक पाहिला. एक सोडलं तर सगळी नाणी जागच्या जागी! मी डबा खाली ठेवून त्याच्याकडे पाहिलं.

"बाय, माका कधीचीच खबर आसा," तो म्हणाला. "आई न्हाणयेत गेली की मी गुपचूप लावन ठेवय. माका कळलाहा ह्या तिका समाजला आसता, तर माका काळजी नको म्हणान ती घर सोडून पुण्याक आयली आसती. ता नको होता माका."

चांदणीच्या डब्यात वरच ते एक कोरं नाणं होतं. विनायकाच्या मागच्या फेरीनंतर मावशीने टाकलेलं. ते उचलायला त्याने हात घातला, तो मी धरला. "रवांदे रे तसाच."

डबे आता माझ्याकडे आहेत. त्या नाण्याला मी कुणाला हात लावू देत नाही. मावशीला तिथे चांदणी दिसली होती.