मी तिच्या घरी जेवलोय

"मी तिच्या घरी जेवलोय," सर माइकवरून म्हणाले आणि हॉलनं टाळ्या वाजवल्या.

मी मागे अंधारात, स्लाइड प्रोजेक्टरपाशी उभी. कानशिलं तापली. त्या टाळ्या माझ्या आईच्या भाकरीसाठी नव्हत्या. ती भाकरी सरांनी खाल्ली, यासाठी होत्या.

ऐंशीनंतरची गोष्ट. नाशिकला, सातपूरच्या एका परदेशी कंपनीच्या हॉलमध्ये परिसंवाद होता. समोर कंपनीचे अधिकारी, मुंबईहून आलेले डायरेक्टर, नाशिकचे प्राध्यापक. विषय माझ्या पीएच.डी.चा. परदेशी कंपनीच्या इथल्या शाखेत, वरून हुकूम नसताना, नवं काही सुरू कोण करतं? कसं करतं? कॉलेजात शिकवून उरलेल्या वेळात मी कारखान्यांच्या फाटकांवर उभी राहिले होते. फिटर, सुपरवायझर, स्टोअरकीपर, सगळ्यांशी बोलले होते. सर माझे गाईड. फक्त गाईड.

पण केवढा विश्वास होता माझा! ते मनमाडला आमच्या बौद्धवस्तीत घरी आले होते. बाबा रेल्वेत गँगमन. बाबांनी शेजारून खुर्ची मागून आणली, तर सरांनी ती बाजूला सारली आणि खाली मांडी घातली. पुढं कितीतरी दिवस बाबा वस्तीत सांगत फिरले, "सर आपल्याकडं जेवले. लय मोठा माणूस हाय." मलाही तसंच वाटायचं. कंपन्यांकडे परवानगी मागताना सर म्हणाले होते, "आडनाव नको घालूस. नुसतं नाव लिही. उगाच दारं बंद होतात." तीही मला मायाच वाटली. इतकी मी भोळी.

माझ्या प्रबंधात एक वाक्य होतं. 'मुख्य कचेरीला न विचारता केलेलं नवं काम जमलं, की ते वरच्याचं होतं. फसलं, की खालच्याचं.' सर तेव्हा म्हणाले होते, "हे फार छान जमलंय, बेटा."

त्या दिवशी तेच वाक्य त्यांनी माइकवरून वाचलं. स्वतःचं निरीक्षण म्हणून. डायरेक्टरसाहेब खूश. त्यांनी विचारलं, "कामगारांना इतकं बोलतं कुणी केलं?" तेव्हा कुठं सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"आमची एक मुलगी आहे. सवलतीतून आलेली. तिच्या लोकांशी बरं बोलते. मी घडवलं तिला. मी तिच्या घरी जेवलोय."

टाळ्या. मग सर म्हणाले, "नेक्स्ट स्लाइड."

माझं बोट बटणावर होतं. मी ते दाबलं नाही.

"नेक्स्ट," सर पुन्हा म्हणाले. मग हसले. "घाबरली वाटतं."

"सर, ते वाक्य माझं आहे." माझा आवाज फाटला. "काम माझं आहे. आणि जेवणाचं म्हणाल, तर वाढलं माझ्या आईनं. उपकार तुमचे कसे?"

कुणीतरी खोकलं. सर शांतपणे म्हणाले, "भावनाप्रधान आहे. चहा घेऊ या." सगळे उठले. वाक्य खरंच कुणाचं, हे एकाही प्राध्यापकानं विचारलं नाही.

व्हरांड्यात सरांनी गाठलं. "माफी माग. लगेच प्रबंधावर सही करतो. नाहीतर दुसरा गाईड शोध. या विषयाला इथं दुसरं आहे कोण?"

कुणी नव्हतं. हे मला माहीत होतं. त्यांनाही.

नाशिकच्या द्वारका चौकात मनमाडची एसटी धरली. घरी सगळं सांगितलं. बाबा हबकले. "पाया पड, पोरी. मोठा माणूस हाय, रागावला असंल."

आई चुलीपासून उठली. "कशापायी पाया पडंल ती? माझ्या भाकरीचं भांडवल केलं त्यानं."

बाबा मान खाली घालून बसले. सरांचं मोठेपण त्यांनीच वस्तीभर वाटलं होतं. त्यांची ती मान मी सरांना कधी माफ करणार नाही.

मी माफी मागितली नाही. सही झाली नाही. माझ्या नावाआधी डॉक्टर लागलं नाही, बढती माझ्या मागून आलेल्यांना मिळाली. राग गेलेला नाही. जाऊही देणार नाही.

याच नाशिकात मी हाच विषय शिकवते. दर वर्षी पहिल्या तासाला ते वाक्य फळ्यावर लिहिते. खाली माझं नाव लिहिते. आडनावासकट. ज्याला दार बंद करायचं त्यानं खुशाल करावं. मी ते नाव पुसणार नाही.