आठ खाचांची पट्टी

दवाखान्याच्या खिडकीशी मी खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली घेऊन उभा होतो. आतला माणूस म्हणाला, "हबीबभाऊ गेले ना मास्तर, आज पाहाटे. तुमाले मालूम नाई?" मी हो म्हणालो की नाही, काही आठवत नाही. बाटली मात्र पुढे केली, औषध भरून घेतलं आणि घरी आलो. मित्र गेल्याची बातमी ऐकून कोणी खोकल्याचं औषध घेऊन घरी येतं का? पण त्या खिडकीशी बाटली पुढे करायची, इतकंच हाताला ठाऊक होतं. त्याला महिना होऊन गेला. माझं डोकं अजून ठिकाणावर नाही, आणि गेल्या आठवड्यात घरात जे सापडलं त्यानं तर उरलंसुरलंही जागचं हललं.

हबीबभाऊ मूळचे चांद्याचेच. मिसरूड फुटायच्या आत मामाबरोबर रंगूनला गेले, तिथल्या एका इस्पितळात औषधं बनवायला शिकले आणि परीक्षा दिली. जपानची लढाई पेटली तेव्हा लोकांच्या लोंढ्याबरोबर पायी निघाले. सर्टिफिकेट ज्या पेटीत होतं ती वाटेतल्या कुठल्याशा नदीनं घेतली. चांद्याला येऊन डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात मिक्श्चर बनवू लागले ते बनवतच राहिले. मग कायदा आला. औषध देणाऱ्याचं नाव सरकारी रजिस्टरात हवं, नसेल तर औषधाला हात लावायचा नाही. मी शाळेत इंग्रजी शिकवणारा, तेव्हा अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. उत्तर आलं की जिथे पास झालात तिथलं पत्र आणा. माणूस चांद्याचा, हात चांद्याचे, फक्त विद्या परदेशी, आणि तीच कोणी धरेना!

सोपी वाट होती. डॉक्टरसाहेब अनुभवाचा दाखला द्यायला तयार होते. 'शिक्षण नाही, अनुभव आहे' एवढं लिहिलं की नाव लागत होतं. मी तसा अर्ज लिहूनही काढला. हबीबभाऊंनी तो वाचला आणि टोपण लावून पेन माझ्या हातात परत दिलं.

"मास्तर, हे काऊन लिवलं? मी पास आहो."

"अहो, नाव लागते ना! मंग काय फरक पडते?"

"तुमाले नाई पडत," ते म्हणाले.

मग मी रंगूनला लिहिलं. एकदा, दोनदा, तीनदा. मध्येच आमचा जिल्हा एका राज्यातून उठून दुसऱ्या राज्यात गेला. आम्ही होतो तिथेच होतो, पण अर्ज पुन्हा नव्या पत्त्यावर करावा लागला. रजिस्टरात नाव लावायची मुदत संपत आली. ती संपली की हबीबभाऊ खिडकीतून बाहेर, हे सगळ्या गावाला माहीत होतं. आणि एका सकाळी ते शाळेच्या फाटकाशी उभे! कोटाचा वरचा खिसा थोपटून म्हणाले, "आलं मास्तर, रंगूनहून."

"दाखवा ना मंग!"

"मार्कंड्याच्या जत्रेत ड्युटी लागली. मोटर सुटून राह्यली. आलो का दोघं बसून वाचू."

लिफाफ्याची कड खिशातून बाहेर आली होती, आणि ती फोडलेली होती. म्हणजे त्यांनी वाचलं होतं... चेहरा आनंदी होता की नाही, हे मी आता रोज आठवून पाहतो. एक दिवस वाटतं होता, दुसऱ्या दिवशी वाटतं नव्हता.

वैनगंगेकाठच्या त्या जत्रेला मी आणि माझी पत्नी सुमतीही गेलो. दुसऱ्याच दिवशी तिला उलट्या-जुलाब सुरू झाले. दवाखान्याच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती, अर्धी जत्रा तिथेच येऊन पडली होती. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो आणि समोर हबीबभाऊंचे हात चालले होते. बाटली भरायची, कागदाच्या लांब पट्टीची घडी घालून कात्रीनं कोपरा उडवायचा, पट्टी उलगडली की आठ खुराकांच्या खाचा तयार. खळ लावून ती बाटलीवर चिकटवायची. सुमतीची बाटली त्यांनी स्वतः आणून दिली. "बाई, एक खाच झाली का दोन घंटे थांबा. मंग दुसरी. भ्याचं नाई." दिवस कलायच्या आत ती उठून बसली. मार्कंडदेवाला मी नारळ फोडला. हबीबभाऊंना काय दिलं, तर काहीच नाही.

चांद्याला परतल्यावर मी पहिलं विचारलं, "पत्र?"

"सापडून नाई राह्यलं, मास्तर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन पत्रं मी काय झक मारायला लिहिली? बोलू नये ते बोललो. त्यांनी मान खाली घातली. मुदत गेली, रजिस्टरात नाव असलेला नवा माणूस खिडकीत आला आणि हबीबभाऊ ओसरीवर बसून रोग्यांना नंबराच्या चिठ्ठ्या फाडून देऊ लागले. गावात लोक म्हणू लागले की गडी पास नव्हताच, पत्रबित्र काही आलंच नव्हतं. लाज वाटते सांगायला, पण मीसुद्धा ते थोडं थोडं खरं मानलं. तरी ते दर शुक्रवारी नमाजानंतर आमच्याकडे चहाला येत, फळीखालच्या त्याच पाटावर बसत. मी दर शुक्रवारी टोचून विचारत असे, "काय भाऊ, सापडलं का?" ते हसत. एकदाच, जाता जाता, सुमतीला म्हणाले, "बाई, ते जत्रेतली बाटली मले द्या. दुसरी आणून देतो." तिनं त्या बाटलीत जवसाचं तेल भरून ती फळीवर ठेवली होती. "राहू द्या भाऊ, बूच घट्ट बसते," ती म्हणाली. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही.

गेल्या आठवड्यात तेल पुन्हा संपलं. या वेळी सुमतीनं बाटली गरम पाण्यानं विसळून उजेडात धरली आणि मला हाक मारली. पट्टी अजून चिकटलेली होती. काचेतून पलीकडे पाहिलं तर तिच्या आतल्या बाजूला टाइप केलेलं इंग्रजी! उभ्या कापलेल्या पत्राच्या प्रत्येक ओळीतली दोन-तीन अक्षरं. वर रंगून या नावाचा तुकडा, मध्ये हबीब या नावाचं शेपूट, खाली अर्धा गोल शिक्का. पास की नापास, ते या पट्टीत नाही. ते दुसऱ्या कोणाच्या बाटलीवर, वैनगंगेच्या कुठल्या काठाला, कुठल्या गावात गेलं असेल, देव जाणे.

मला काहीच उमगत नाही. मांडवातला कागद संपला होता, तर माझ्या पिशवीत कोरी वही होती, मला का नाही मागितली? घाईत हात खिशात गेला का? की पत्रात असं काही होतं, जे मी वाचू नये असं त्यांना वाटलं? की 'तुमच्या बायकोसाठी कापलं' हे सांगितलं तर मी जन्मभर ओशाळा राहीन, म्हणून गप्प राहिले? एक उत्तर धरावं तर दुसरं पुढे येतं... आणि ती बाटली परत का मागितली? मला वाचून दाखवायला, की लपवायला?

सुमतीनं दोरा घेऊन खाचा मोजल्या. आठही खाचा सारख्या, केसाचा फरक नाही. "उलट्या करणाऱ्या माणसांच्या गराड्यात बसून कापल्या होत्या हो," ती म्हणाली. मग बूच न लावताच बाटली फळीवर ठेवली.

परवा शुक्रवारी मी त्यांच्या पाटावर बसून चहा घेतला. इतकी वर्षं मी ज्याला टोचून विचारत होतो, पत्र कुठी आहे, तो माणूस माझ्या घरात, त्या पत्राखाली बसून चहा पीत होता. चुकलो हबीबभाऊ, असं मी मोठ्यानं म्हटलं. सुमती आतून म्हणाली, "काय म्हटलं?" मी म्हणालो, काही नाही.